कडी आतून हवी

गेल्या वर्षी एके सकाळी आमच्या ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रीजवर चिठ्ठी लागली. ‘वैयक्तिक वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नयेत.’ खाली सही नव्हती. मी फ्रीज उघडून पाहिला. वरच्या फळीवर कुणाचं तरी ताक, दोन दिवसांपूर्वीची बिर्याणी, वाढदिवसाच्या केकचा उरलेला तुकडा, एका सहकाऱ्याची इन्सुलिनची पेनं. आणि पार मागे, कापडी पिशवीत गुंडाळलेली घट्ट झाकणाची स्टीलची डबी. चिठ्ठी त्या डबीसाठी होती. महिन्याभरापूर्वी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या एका मुलीची ती डबी. बाळासाठी तिनं त्यात दूध काढून ठेवलं होतं.

तिनं काही न बोलता डबी उचलली. दुसऱ्या दिवसापासून बर्फाची पिशवी घातलेला थर्मास आणून टेबलाखाली ठेवायला लागली. तीन आठवड्यांनी तोही दिसेनासा झाला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “आटलं, मॅडम.”

चिठ्ठी कुणी लिहिली ते मला नंतर कळलं. लिहिणारी बाई दुष्ट नाही. कुणी आजारी पडलं की सगळ्यांत आधी डबा घेऊन दवाखान्यात पोचणारी आहे, स्वतः एका मुलाची आई आहे. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती ओशाळली आणि म्हणाली, “अगं, पण आपलं जेवण असतं तिथे. कसंतरीच वाटतं ना.”

हा लेख त्या ‘कसंतरीच’बद्दल आहे. कायद्याबद्दल आणि खोल्यांबद्दलही लिहिणार आहे, पण मला खात्री आहे की गाठ तिथेच आहे. त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चहासाठीच्या दुधाच्या चार पिशव्या होत्या. गायीच्या आणि म्हशीच्या. त्यांच्याकडे पाहून कुणाला काही वाटलं नाही. आईचं दूध बाळ तोंडानं पीत असतं तोवर आपण त्याला अमृत म्हणतो. तेच दूध डबीत उतरलं की लघवी, घाम, रक्त यांच्या रांगेत जाऊन बसतं. म्हणून ते काढायची जागा कोणती, असं विचारलं की पटकन उत्तर येतं, ‘बाथरूम आहे की.’ दूध हे अन्न आहे असं मनापासून मानणारा माणूस हे उत्तर देऊ शकत नाही. कुणाचीही पोळी-भाजी आपण संडासात बसून करायला सांगत नाही.

मी स्वतः ते केलं आहे. माझी मुलगी 2011 मध्ये झाली. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती. तीन महिन्यांचीही न झालेली पोर आईकडे ठेवून मी कामावर रुजू झाले, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होते. दुपारी बारा-साडेबाराला छाती दगडासारखी व्हायची. मीटिंगमध्ये शेजारच्या खोलीतून कुणाच्या मोबाइलवर लहान मूल रडल्याचा आवाज आला तरी पान्हा फुटायचा आणि मी ओढणी पुढे ओढून बसायची. मग स्वच्छतागृह. कमोडचं झाकण लावून त्यावर बसायचं, पर्स दाराच्या खुंटीला, एका हातात वाटी, दुसऱ्या हातानं पिळायचं. त्या स्वच्छतागृहात हालचालीवर चालणारे दिवे होते. माणूस स्थिर बसला की दोन-तीन मिनिटांनी विझायचे. दर वेळी अंधार झाला की मी वाटी सांभाळत एक हात डोक्यावर हलवायचे. बाहेर हात वाळवण्याचं यंत्र घरघरलं की दूध थांबायचं. कुणीतरी दार ठोठवायचं, “अजून किती वेळ?” आणि शेवटी ती वाटी मी बेसिनमध्ये ओतायचे, कारण तिथे काढलेलं दूध मुलीला द्यायला माझंच मन धजत नव्हतं.

माझी आजी सांगायची, बाळंतिणीचं काढलेलं दूध पायदळी येऊ देऊ नये, झाडाच्या मुळाशी ओतावं. ती चौथी शिकलेली होती. त्या दुधाचा मान तिला कळत होता. मी मात्र रोज नळ सोडून ते गटारात जाताना बघत होते आणि डेस्कवर परत येताना चेहरा नीट करत होते. साडेतीन महिन्यांत माझं दूध गेलं. ‘हिला दूधच पुरत नव्हतं,’ असं नातेवाइकांत ठरलं. मीही पुष्कळ वर्षं तेच खरं मानलं.

खरं काय होतं, ते कोणताही बालरोगतज्ज्ञ दोन मिनिटांत सांगेल. दूध साठवणीतून येत नाही, मागणीतून तयार होतं. बाळ पितं किंवा हातानं, पंपानं काढलं जातं, तेवढा शरीराला निरोप मिळतो की आणखी बनव. स्तनात दूध तसंच साचून राहिलं की उलटा निरोप जातो आणि निर्मिती मंदावते. आठ-नऊ तासांची ड्युटी आणि वर प्रवास, एवढा वेळ रोज काहीच काढलं नाही तर काही दिवसांतच फरक पडतो. मधल्या काळात दूध दाटतं, गाठी येतात, कुणाला ताप भरून पू होईपर्यंत मजल जाते. आणि दूध बाहेर ढकलणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीती, घाई आणि लाज यांच्यापुढे अडखळतं. दारावर पडलेली थाप दूध थांबवते, हा माझा भ्रम नव्हता. म्हणजे सहकाऱ्यांच्या नजरेचा परिणाम आईच्या मनापुरता राहत नाही. तो मिलिलिटरमध्ये मोजता येतो.

“पण आता सव्वीस आठवडे रजा मिळते की! सहा महिने घरी राहिल्यावर पंप कशाला?” हे मला सुशिक्षित माणसांनी विचारलेलं आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल माझ्याइतकं कुणाला असेल असं वाटत नाही. पण हिशेब पुरता करा. यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि ज्यांना डॉक्टर झोपून राहायला सांगतात त्यांना ते घ्यावेच लागतात. मग उरतात अठरा आठवडे, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. दोन मुलांनंतरच्या बाळंतपणाला रजा बाराच आठवड्यांची आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ अंगावर पाजणं, असं सांगते. सहा महिने हा काही दूध बंद करण्याचा मुहूर्त नाही.

कायद्याचं आणखी एक कलम फार कमी जणींना माहीत असतं. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी मिळाली पाहिजे, हे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून लिहिलेलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, हे 2017 मध्ये जोडलं गेलं. शब्द नीट वाचले की लक्षात येतं, कायद्याच्या डोळ्यासमोर असलेली आई गिरणीतली किंवा चहाच्या मळ्यातली आहे. तिचं मूल शंभर पावलांवर झोळीत आहे, ती जाते, पाजते, परत येते. वाकडहून हिंजवडीला किंवा बदलापूरहून फोर्टला जाणाऱ्या आईचं मूल घरी आजीजवळ असतं. तिला लागते ती कडी लागणारी जागा, वीस मिनिटं आणि फ्रीजमधला कोपरा. पाजण्याचा हक्क कायद्यानं दिला, पण बाळाला पाजण्यासाठी दूध काढून ठेवणं हाही त्याच हक्काचा भाग आहे, हे कुठे स्पष्ट शब्दांत उतरलं नाही. त्यामुळे एचआरमधला माणूस सरळ मनानं विचारतो, “मॅडम, बाळ तर इथे नाही, मग ब्रेक कसला?”

अमेरिकेतल्या 2010 च्या कायद्यात या बाबतीत एक तुकडा आहे तो मला फार आवडतो. दूध काढण्यासाठी दिलेली जागा नजरेआड असावी, तिथे कुणी मध्येच येऊ नये आणि ती बाथरूम नसावी, असं तिथे लिहिलं आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत नोकरी करते. तिथे पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदाच नाही, ती दहाव्या आठवड्यात कामावर गेली आणि फोनवर रडायची. रजेत आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. पण ‘बाथरूम नसावी’ हे शब्द कायद्यात असल्यामुळे तिला कुणाशी वाद घालावा लागला नाही. आपल्याकडे तेवढे शब्द आले तरी पुष्कळ काम होईल.

बाळंतिणीच्या हक्काचा विचार आपल्याला बाहेरून शिकावा लागतो असं मात्र कुणी समजू नये. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकावर चर्चा चालू होती. गिरणीमालकांवर बोजा पडेल असा आक्षेप होता. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची असल्यानं या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. जवळपास शंभर वर्षांनी आपण रजेच्या पगाराचा भार अजून बहुतेक ठिकाणी मालकावर टाकतो आणि मग लहान कंपन्या लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत आडून आडून ‘पुढचं प्लॅनिंग काय?’ विचारतात. तो प्रश्न मला संताप आणतो. पण त्याचं एक मूळ या हिशेबात आहे, हे मान्य केल्याशिवाय तो थांबणार नाही.

आणि हिरकणी. दूध आणि काम यांच्या भांडणाची याहून मोठी गोष्ट दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल आणि अंधारात उतरलेला तो कडा. राज्यभरातल्या एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत बाळाला पाजण्यासाठीच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ असं नाव देताना हीच गोष्ट मनात होती. नाव अतिशय सुंदर आहे. पण गोष्टीचा शेवट पुन्हा एकदा आठवून बघा. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला, म्हणजे ती वाट बंद केली. गडाच्या रक्षणासाठी ते बरोबरच होतं. आपण मात्र त्या गोष्टीतून फक्त कौतुक उचललं. आई काहीही करून जाईल, कडा उतरेल, हे आपण इतकं गृहीत धरलं की दरवाजा थोडा वेळ उघडा ठेवावा, हे सुचतच नाही. कमोडच्या झाकणावर बसून वाटीत दूध काढणारी बाईही कडाच उतरत असते.

फेब्रुवारी 2023 मध्ये हे सगळ्या राज्यानं पाहिलं. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आदल्या डिसेंबरमध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो छापले. पुढे मुंबईच्या अधिवेशनात त्या बाळाला घेऊन विधानभवनातल्या हिरकणी कक्षात गेल्या, तर तिथे धूळ, बाळाला ठेवता येईल अशी काही सोय नाही. त्या माध्यमांसमोर रडल्या. मग धावपळ झाली आणि कक्ष नीट झाला. आमदार होत्या म्हणून झाला. तालुक्याच्या एका स्थानकावर मी हिरकणी कक्षाची किल्ली मागितली होती, सोबत भाचीसून होती, तिचं बाळ रडत होतं. किल्ली असलेले साहेब जेवायला गेले होते. दाराच्या फटीतून आत रचलेली जुनी बाकडी दिसत होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठानं सार्वजनिक इमारतींत स्तनपानाच्या खोल्या आणि पाळणाघरं करण्याबाबत राज्यांना सांगितलं. त्याचबरोबर सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी स्तनपान करणाऱ्या आईला हिणवलं जाऊ नये, याची आठवण नागरिकांनाही त्यांच्या घटनात्मक कर्तव्याच्या आधारे करून दिली. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. खोली आदेशानं बांधता येते. किल्ली कुणाच्या खिशात राहते, ते मात्र ‘कसंतरीच’वर ठरतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. ज्या आईला दूध येत नाही, ज्या आईला पंप नको आहे, जी थकून वरचं दूध सुरू करते, तिच्यावर बोट रोखण्यासाठी या लेखातला एकही शब्द कुणी वापरू नये. तिच्या वाट्याला आधीच पुरेसे सल्ले आलेले असतात. माझं म्हणणं जिला काढायचं आहे तिच्याबद्दल आहे, तिच्या वाटेत जे उभे आहेत त्यांच्याबद्दल आहे.

आणि ऑफिसात पंप घेऊन येणारी मुलगी ही तशी नशीबवानच. तिच्याकडे निदान पँट्री आहे, चिठ्ठी लागायला फ्रीज आहे. एसटीतली कंडक्टर बाई लांब पल्ल्याच्या फेरीत काय करत असेल? बंदोबस्ताला उभी असलेली हवालदार? बीडहून कोयत्याला गेलेली बाई तान्ह्याला फडातच झोळीत निजवते, तिच्यापर्यंत रजा नाही आणि ब्रेकही नाही. आपल्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या ताईंचा विचार करा. सकाळी सहाला निघून चार घरं करून त्या दुपारी परततात. आपल्या घरात फ्रीज आहे. दार लावून वीस मिनिटं बसता येईल अशी खोली आहे. त्यांनी डबी आपल्या फ्रीजमध्ये ठेवू का असं विचारलं, तर आपल्या तोंडून काय निघेल? ज्या घरांत त्यांचा चहाचा कप अजून वेगळा आहे, तिथे त्या विचारणारच नाहीत. इथे ‘कसंतरीच’ची मुळं किती खोल गेली आहेत ते दिसतं. कुणाच्या शरीरातून काय बाहेर आलं, कुणाचा हात कशाला लागला, याचा विटाळ मानण्याची सवय आपण सोडली असं म्हणतो. ती फ्रीजच्या दारापाशी दबा धरून बसलेली असते.

मुंबईत याच्या अगदी उलट वागणारी एक जागा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं 1989 मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. ज्यांना पुरून उरतं अशा माता तिथे दूध देतात, आणि ज्यांच्या आईला अजून दूध आलेलं नाही अशा कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना ते मिळतं. ते दूध 62.5 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात. अनोळखी बाईचं दूध अनोळखी बाळाच्या पोटात जातं आणि ते बाळ जगतं. बहुतेक वेळा या आया गरीब वस्त्यांतल्या असतात. त्यांना त्या दुधाचं कसंतरी वाटत नाही. जो कुणी नाक मुरडतो, त्याला मी नेहमी हे सांगते.

तर मागणी काय? फार मोठी नाही. साडेचार-पाच फूट लांबी-रुंदीची जागा, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंपासाठी प्लग, हात धुवायला जवळ बेसिन. दिवसातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं, कॅलेंडरवर कारण न लिहिता. काढलेलं दूध साधारण 25 अंशांपर्यंत चार तास चांगलं राहतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढा भरवसा नाही, म्हणून फ्रीज. फ्रीजमध्ये ते चार दिवस राहतं. ठेवल्यावर वर पिवळसर थर येतो, खाली निळसर पातळ दिसतं, ते नासलेलं नसतं. आणि साहेब लोकांनी एकदा सगळ्यांसमोर म्हणावं की ही सोय आहे, वापरा. ते बोलणं पुरुष अधिकाऱ्यानं केलं तर फार बरं, कारण मग तो बायकांचा आपसातला कुजबुजीचा विषय राहत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एकानं जरी असं म्हटलं असतं, तर मी त्या अंधारात हात हलवत बसले नसते.

आमच्याकडे झेरॉक्सच्या कागदांची एक खोली होती. सहा बाय सात, खिडकी नाही, पण एक्झॉस्ट आहे. चिठ्ठीच्या प्रकरणानंतर मी प्रशासनाकडे तीन वेळा गेले. त्या मुलीसाठी उशीर झाला होता, पण आणखी दोघी रजेवर होत्या. कागद हलवले, प्लग बसवला, एक छोटा फ्रीज आणला. पैसे देताना कुणी खळखळ केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. चिठ्ठी लिहिणारीनं घरून खुर्चीची उशी आणली.

दाराला बाहेरून कुलूप होतं, आतून काहीच नव्हतं. ते सुतारकामाला बोलावलेल्या काकांच्या लक्षात आलं. साठीचे असतील, पिशवीत हत्यारं, कानाला पेन्सिल. खोली कशासाठी आहे ते मी जरा अडखळतच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “मग कडी आतून हवी ना, ताई?” चार स्क्रू पिळून त्यांनी ती बसवली, दोनदा आत जाऊन लावून-काढून पाहिली. जाताना दारातच थांबले. त्यांची सून एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली होती, नातू पाच महिन्यांचा.

“तिच्या दुकानात आहे का असलं काही, विचारतो,” ते म्हणाले. “नसेल तर कडी मी लावून देईन.”